वसईचे संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीच्या प्रसंगी, परदेशांतून व परप्रांतांतून आमच्या वऱ्हाडात येऊन राहिलेल्या धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे स्मरण होते, आणि ते व्हावयासच पाहिजे. परंतु उलट दिशेने, आपल्या महाराष्ट्रातून परक्या देशी सेवेस जाऊन संतपदास पोहोचलेल्या पुरुषाची ओळख बुलढाणा जिल्ह्यातील पुष्कळ श्रद्धावंतांस नसते. मलकापुरास मुंबईकडील गाडी धरली म्हणजे ज्या वसईस जाणे आज अवघड नाही, तेथलेच ते.

गोन्सालो ह्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पिता पोर्तुगीज, माता एतद्देशीय. वसईतील येशूसंघाच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, आणि मिसरूडही न फुटलेल्या वयात ते तेथील धर्मगुरूंबरोबर जपानास निघाले. मलाक्का व मकाव येथे अनुकूल वाऱ्याची वाट पाहत जावयाचे असल्याने ह्या प्रवासास वर्षाहून अधिक काळ लागे. परत येण्याची खात्री कोणी देत नसे.

जपानात त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. मुलांत व गरिबांत वावरून त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली. परभाषेचे व्याकरण आम्हीही सेमिनरीत घोकले आहे. परंतु व्याकरण येणे निराळे, आणि एखाद्या म्हातारीचे गाऱ्हाणे तिच्याच बोलीत ऐकून घेणे निराळे. गोन्सालो ह्यांस हे दुसरे साधले होते.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाही. वर्षानुवर्षे पदरमोड करून सेवा करावी आणि घराचे दार मात्र उघडू नये, ह्याचे दुःख ज्यास माहीत आहे तो त्यांस दोष देणार नाही. ते जपान सोडून मकावला गेले व व्यापारात पडले. व्यापार भरभराटला, पण मन तेथे रमले नाही. अखेर मनिला येथे त्यांनी धंदा सोडून फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगीकारला, तोही साध्या ब्रदरचा. पुरोहितदीक्षा त्यांस कधीच मिळाली नाही.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याने १५८७ साली धर्मप्रसारकांस देश सोडण्याचा हुकूम काढला होता, आणि आता तो फिलिपीन्सच्या स्पॅनिश सत्तेकडून शरणागती मागत होता. १५९३ साली मनिलाच्या गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून त्याच्याकडे पाठविले. फादरांस जपानी येत नव्हते. बरोबर दुभाषी म्हणून गेले ते ब्रदर गोन्सालो. दुभाष्याचे काम लोक हलके समजतात. परंतु ज्याच्या एका हुकुमाने मस्तके उडत, अशा पुरुषासमोर एक शब्द चुकीचा पडता तर काय झाले असते? नाकारलेल्या सेवकाची आठ वर्षांची विद्या त्या दिवशी कामास आली. फ्रान्सिस्कनांस क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली, आणि तेथे त्यांनी एक लहान मंदिर व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले.

ही शांतता अल्पकाळच टिकली. १५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल जप्त झाला, संशय वाढला आणि डिसेंबरात धरपकड झाली. चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांस भर थंडीत नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांत सामील झाले. सव्वीसांपैकी वीस जण जपानी होते, आणि त्यांतला एक मुलगा अवघा बारा वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रूस तयार होते. परंपरा सांगते की, गोन्सालो सरळ एका क्रूसाजवळ गेले व आपला हाच काय, असे त्यांनी विचारले. तो नव्हे, असे कळताच ते दाखविलेल्या क्रूसाकडे वळले आणि गुडघे टेकून त्यांनी त्यास मिठी मारली. तो प्रश्न त्यांनी अर्थातच जपानीत विचारला असावा, असे आम्हांस वाटते. मग सर्वांस क्रूसांवर बांधून भाल्यांनी विंधण्यात आले.

१६२७ साली त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केले गेले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी ह्या सव्वीस जणांस संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेले ते पहिले संत. वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे मंदिर आहे. आणि निशिझाका टेकडीवर १९६२ साली उभारलेल्या स्मारकावर, सव्वीस ब्राँझ आकृतींच्या रांगेत, हे वसईकर ब्रदरही आहेत.