गुलाम याझदानी आणि कोंडापूरचे रोमन नाणे



प्राचीन रोमचा धडा सुरू झाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, हे आपण कशासाठी शिकायचे? कुठे टायबर नदी आणि कुठे आपली मुसी! अशा वेळी आम्ही पुस्तक बाजूला ठेवून गुलाम याझदानी यांची हकीकत सांगतो.

याझदानींचा जन्म १८८५ साली दिल्लीत झाला. शिक्षण तिथेच झाले. काही वर्षे त्यांनी प्राध्यापकी केली. १९१४ साली हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते सुरू केले आणि अवघ्या २९ वर्षांच्या या तरुणाला त्याचे संचालक नेमले. त्या काळी मराठवाडाही संस्थानातच होता, त्यामुळे अजिंठा, वेरूळ, पैठण, तेर, बिदर, वरंगळ हे सारे त्यांच्याच देखरेखीखाली आले. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे याच मुलखात आहेत. दुसऱ्याच वर्षी, १९१५ मध्ये, मस्कीला अशोकाचे नाव असलेला शिलालेख सापडला. खात्याच्या ग्रंथमालेतील पहिली पुस्तिका त्याच लेखावर निघाली.

अजिंठ्याची चित्रे तेव्हा पोपडे धरून गळत होती. ती वाचवण्यासाठी १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावण्यात आले. त्यांनी सुटलेले पोपडे पुन्हा भिंतीला चिकटवले. मात्र वरून दिलेले लाखेचे व्हार्निश पुढे पिवळे पडले आणि ते काढण्यासाठी नंतरच्या लोकांना फार कष्ट पडले. मोठ्या कामातील ही चूकही मुलांना माहीत असावी असे आम्हाला वाटते. याझदानींनी अजिंठ्यावर लिहिलेल्या ग्रंथाचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. म्हणजे एकाच ग्रंथासाठी पंचवीस वर्षे!

आता रोमकडे वळू. १९४० च्या सुमारास त्यांच्या खात्याने कोंडापूर येथे उत्खनन केले. (हे हायटेक सिटीजवळचे कोंडापूर नव्हे, संगारेड्डीकडचे.) मातीखाली सातवाहन काळातील गावच निघाले: विटांची बांधकामे, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि शेकडो नाणी. त्यांत रोमचा सम्राट ऑगस्टस याचे एक सोन्याचे नाणेही होते. त्याहून आम्हाला नवल वाटते ते रोमन नाण्यांच्या मातीच्या नकलांचे. गळ्यात घालता यावे म्हणून त्यांना ओवण्याची सोय केलेली असे. ज्याला सोन्याचे नाणे परवडत नव्हते, तोही रोमच्या राजाचे चित्र गळ्यात घालून बाजारात मिरवत असेल! या उत्खननाची माहिती याझदानींनी १९४१ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

हे नाणे आले कसे? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे आहेत. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचे कापड बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई. पुढे मोसमी वाऱ्यांवर जहाजे निघत. इटलीत इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती आपल्या तेरला मिळाली आहे.

याझदानी १९४३ साली निवृत्त झाले, पण लेखणी खाली ठेवली नाही. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६० मध्ये निघाला आणि १९६२ साली ते वारले. दिल्लीत जन्मलेल्या, फारसी-अरबी शिलालेखांचे जाणकार असलेल्या या गृहस्थांनी उभी हयात पैठणच्या सातवाहनांसाठी आणि अजिंठ्याच्या भिक्षूंच्या चित्रांसाठीही वेचली.

पालकांना विनंती की सुट्टीत एखादा दिवस काढून मुलांना कोंडापूरला घेऊन जावे. टेकाडाजवळच वस्तुसंग्रहालय आहे.