आस्पाशिया आणि अथेन्सचा कायदा

विद्या आणि गृहिणीधर्म हीं स्त्रीच्या ठायीं एकत्र नांदत नाहींत, असें मानणारे गृहस्थ कधीं कधीं प्राचीन ग्रीस देशाचा दाखला देतात. तेथील गणिका काव्यसंगीतांत व संभाषणांत निपुण असत आणि कुलस्त्रिया बहुधा अशिक्षित असत, हें पुष्कळ अंशीं खरें आहे. परंतु असें कां झालें, हें विचारण्याची तसदी हे गृहस्थ घेत नाहींत. तें समजण्यासाठीं, या वर्गांत जिचें नांव सर्वांआधीं घेण्यांत येतें, त्या आस्पाशियेचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

आस्पाशिया मूळची अथेन्सची नव्हे. आशियामायनरच्या किनाऱ्यावर मिलेटस नांवाचें व्यापाराचें मोठें शहर होतें. तेथील आक्झिओकस याची ती कन्या. इ. स. पूर्वी ४५० च्या सुमारास ती अथेन्सला आली. त्या नगरींत कुलीन मुलीचें लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षीं, बहुधा तिच्या दुप्पट वयाच्या पुरुषाशीं होई. पुढें सूत काततां काततां व दासींवर देखरेख करितां करितां तिचें आयुष्य माजघरांत सरे. घरीं मित्रमंडळी जेवावयास आली, तरी यजमानाची पत्नी त्या बैठकींत येत नसे. तेथें 'हेटाइरा' येत. या शब्दाचा मूळ अर्थ सोबतीण एवढाच आहे, आणि ही सोबत पैशानें मिळे. त्यांतल्या कांहीं जणी श्रीमंत झाल्या. पण पुष्कळ जणी लहानपणींच विकत घेतलेल्या दासी होत्या. नीएरा नांवाच्या अशा एका गणिकेस दोघां पुरुषांनीं मिळून ३,००० द्राख्मांस खरेदी केल्याचें अथेन्सच्या न्यायसभेपुढील एका भाषणांत नमूद आहे. कुशल कारागिराची रोजची मजुरी त्या काळीं सुमारें एक द्राख्मा होती, हें ध्यानांत घेतां आमच्या व्यापारी वाचकांस हा सौदा केवढा होता तें कळेल.

सारांश, ज्या समाजानें पत्नीला संभाषणाची संधीच ठेविली नाही, त्यानें संभाषण बाजारांत विकत घेतलें. यांत विद्येचा दोष कोणता, हें आम्हांस तरी दिसत नाही.

इ. स. पूर्वी ४५१ मध्यें अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस यानें एक कायदा करविला. आई आणि बाप दोघेंही अथेन्सचीं असतील तरच त्यांच्या मुलास नागरिकत्व, असा त्याचा आशय होता. पुढें याच पेरिक्लिसनें पहिल्या पत्नीपासून फारकत घेऊन आस्पाशियेशीं संसार मांडला. तिला मुलगा झाला, त्याचें नांवही पेरिक्लिसच ठेविलें. पण बापाच्याच कायद्यानें तो नगराला परका ठरला.

हा संसार कसा होता? पेरिक्लिस घराबाहेर पडतांना व परत येतांना तिचें प्रेमानें चुंबन घेई, असें प्लुटार्क सांगतो. सॉक्रेटीस तिच्या घरीं जाई. इतकेंच नव्हे तर त्याचे स्नेही तिचें बोलणें ऐकविण्यासाठीं आपल्या बायकांनाही नेत. झेनोफनच्या ग्रंथांत तर गृहव्यवस्थेच्या विषयांत सॉक्रेटीस तिला आपल्याहून अधिक जाणती मानतो. गृहिणीधर्माचे कैवारी या साक्षीची आठवण क्वचितच करितात!

तिला गणिका ठरविण्याचा मुख्य आधार म्हणजे विनोदी नाटककारांची थट्टा. सामॉसशीं ४४० मध्यें युद्ध झालें, तें तिच्या मिलेटसकरितां झालें असा बोभाटा उठला. ४२५ मध्यें आरिस्टोफेनीसनें स्पार्टाबरोबरच्या महायुद्धाचें खापरही तिच्याच घरच्या वेश्यांवर फोडलें. पुढाऱ्याला झोडपावयाचें आणि त्यासाठीं त्याच्या घरच्या स्त्रीची अब्रू घ्यावयाची, ही रीत फार जुनी आहे. असा पुरावा आम्ही तरी ग्राह्य धरणार नाही. उलट पेरिक्लिसनेंच युद्धांतील मृतांसाठीं केलेल्या प्रसिद्ध भाषणांत विधवांना उपदेश केला कीं, पुरुषांत जिचें नांव कमींत कमी निघेल तिची थोरवी मोठी. आणि प्लेटोच्या एका संवादांत तर अशींच भाषणें आस्पाशिया रचून देई असें, अर्धें थट्टेनें कां होईना, म्हटलें आहे.

इ. स. पूर्वी ४३० मध्यें अथेन्सला महामारीनें गांठलें. पेरिक्लिसचे पहिल्या पत्नीचे दोन्ही मुलगे त्या काळांत मरण पावले. तेव्हां त्या मानी पुरुषानें आपल्याच कायद्यांतून आस्पाशियेच्या मुलास सूट मिळावी म्हणून लोकांकडे याचना केली. लोकांस दया आली. मुलगा नागरिक झाला. ४२९ मध्यें पेरिक्लिस वारला. पुढें आस्पाशिया मेंढ्यांचा व्यापारी व पुढारी लिसिक्लिस याच्याबरोबर राहिली. तोही पुढल्याच वर्षीं कारियांतील स्वारींत मारला गेला.

मुलगा नागरिक झाला म्हणूनच पुढें सेनापतिपदास पोंचला. ४०६ मध्यें आर्गिनुसीची आरमारी लढाई अथेन्सनें जिंकली. परंतु वादळामुळें बुडत्या खलाशांस वांचवितां आलें नाही, म्हणून लोक सेनापतींवर खवळले. सर्वांचा निकाल एकाच मतदानानें लावणें बेकायदा होतें. सॉक्रेटीस त्या वेळीं सभेच्या अधिकाऱ्यांपैकीं एक होता. त्यानें विरोध केला, पण कोणी ऐकलें नाही. सहा सेनापतींस देहान्त शासन झालें. त्या सहांत आस्पाशियेचा मुलगा होता.