एका परिचारिकेचे हात

शस्त्रक्रियागृहातले रबरी हातमोजे रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून निघाले असावेत, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात त्या कामासाठी पातळ मोजे करून घेतले गेले ते एका परिचारिकेच्या हातांची आग होत होती म्हणून. करून घेणारे होते डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड. अबोल, कडक शिस्तीचे, काहीसे विक्षिप्तच गृहस्थ!

१८५२ साली न्यूयॉर्कच्या सधन घरात जन्मलेले हॉलस्टेड येल विद्यापीठात पुस्तकांपेक्षा फुटबॉलमध्ये अधिक रमले. वैद्यकाची गोडी नंतर लागली, आणि तिशीतच धडाडीचे शल्यविशारद म्हणून त्यांचा बोलबाला झाला. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो, अशी वार्ता युरोपातून आली. हॉलस्टेड आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्याच अंगावर प्रयोग केले. नसा बधिर करण्याचे तंत्र वैद्यकाला मिळाले. हॉलस्टेडना मात्र व्यसन जडले. कोकेनची जागा पुढे मॉर्फिनने घेतली. मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावले आणि १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

त्याच वर्षी कॅरोलिन हॅम्प्टन तिथे आल्या. दक्षिण कॅरोलायनातल्या बड्या जमीनदार घराण्यातली ही मुलगी. वडील यादवी युद्धात मारले गेले, आत्यांनी तिला वाढवले. न्यूयॉर्कला शिकून परिचारिका झालेल्या कॅरोलिनबाईंकडे हॉलस्टेडनी शस्त्रक्रियागृह सोपवले.

त्या काळी जंतू मारायचे म्हणजे हात रसायनात बुडवायचे. पोटॅशियम परमँगनेट, मग ऑक्झॅलिक अॅसिड, मग पाऱ्याचा क्षार असलेल्या मर्क्युरिक क्लोराईडचे पाणी. दिवसातून कितीदा, याला गणती नाही. कॅरोलिनबाईंच्या हातांना आणि बाहूंना इसब झाला. हातच कामाचे राहिले नाहीत, तर परिचारिकेची नोकरी कशी टिकणार? हॉलस्टेडनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबरी मोज्यांचे दोन जोड करायला सांगितले. मोज्यांनी गुण आला.

१८९० च्या जूनमध्ये दोघांचे लग्न झाले आणि कॅरोलिनबाईंनी काम सोडले. ज्या हातांसाठी मोजे केले, ते हात काही महिन्यांतच शस्त्रक्रियागृहातून गेले, मोजे राहिले. मदतनीस ते वापरू लागले. हे मोजे रुग्णालाही वाचवू शकतील, हे मात्र खुद्द हॉलस्टेडना बरीच वर्षे सुचले नाही! त्यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी शस्त्रक्रिया करताना नेमाने मोजे घातले आणि १८९९ मध्ये हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. जखमा चिघळण्याचे प्रमाण एकदम खाली आले होते. आपल्याला हे आधी कसे दिसले नाही, याचे हॉलस्टेडना पुढे नवल वाटत राहिले.

परिचारिकांच्या हातांचे दुखणे मात्र मोज्यांनी संपले नाही. पाऱ्याचे पाणी गेले. साबण आणि सतत ओले हात राहिले. शिकाऊ मुलींना हा त्रास पहिल्या वर्षातच सुरू होऊ शकतो, लहानपणी ज्यांना इसब होता त्यांना तर अधिकच. दिवसभर भांड्यांच्या पाण्यात हात असणाऱ्या गृहिणींना याची कल्पना असेलच. मोज्यात हात घामेजतात, कुणाला रबरच सोसत नाही. मोज्यांतली पावडर रबराचे अंश हवेत पसरवते, म्हणून अमेरिकेने २०१६ मध्ये पावडरच्या मोज्यांवर बंदीचा निर्णय घेतला. हात दिसायला अस्वच्छ नसतील तर साबणाने पुन्हा पुन्हा धुण्यापेक्षा अल्कोहोलचे द्रावण चोळणे त्वचेला कमी जाचक ठरते. मलमाचा हात फिरवणेही तितकेच महत्त्वाचे. पण भेगा पडलेल्या हातांना अल्कोहोल झोंबते, आणि मग मुली पुन्हा साबणाकडे वळतात.

हॉलस्टेड दांपत्याला मूल नव्हते. उन्हाळा नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगरातल्या हाय हॅम्प्टन या घरी जाई. हॉलस्टेड तिथे डेलियाची फुले जोपासत, कॅरोलिनबाईंचा जीव घोड्यांवर आणि कुत्र्यांवर. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये पित्तखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर हॉलस्टेड गेले. नोव्हेंबर संपता संपता न्यूमोनियाने कॅरोलिनबाईही गेल्या.