शिष्यवृत्ती मिळाली, मैदान मात्र झगडून मिळवावे लागले : पॉल रोबसन

२३ जानेवारी हा पॉल रोबसन यांचा स्मृतिदिन. जग त्यांना गायक, नट आणि वर्णभेदाविरुद्ध लढलेले कार्यकर्ते म्हणून ओळखते. आम्हाला मात्र आज त्यांची त्याआधीची, शाळा-कॉलेजातली गोष्ट सांगायची आहे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीने ती वाचावी.

रोबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टन येथे झाला. वडील विल्यम जन्माने गुलाम होते. किशोरवयातच ते मळ्यातून पळाले, पुढे शिकले आणि धर्मोपदेशक झाले. १९०४ मध्ये आई घरातल्या आगीत भाजून वारली, तेव्हा पॉल सहा वर्षांचेही नव्हते. वडिलांनी पडेल ते काम करून घर चालवले, पण मुलांच्या अभ्यासात हयगय चालू दिली नाही.

सोमरव्हिलच्या हायस्कूलमध्ये काळे विद्यार्थी मोजकेच होते. पॉल तिथे वादविवादात, नाटकात, गाण्यात पुढे होते आणि फुटबॉलमध्ये तर संघाचा कणाच होते. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्यांना धडका देत पुढे जायचे असते.

शेवटच्या वर्षी त्यांना रटगर्स कॉलेजच्या चार वर्षांच्या शिष्यवृत्तीची राज्यस्तरीय परीक्षा कळली, पण उशिरा. इतरांनी पहिल्या तीन वर्षांच्या अभ्यासाची परीक्षा आधीच दिलेली होती. पॉल यांना चारही वर्षांचा अभ्यास एकाच बैठकीत, तेवढ्याच वेळात लिहायचा होता. तरीही शिष्यवृत्ती त्यांनीच जिंकली. ती खेळावर नव्हे, अभ्यासावर मिळाली होती.

१९१५ मध्ये ते रटगर्सला गेले. त्या वेळी कॉलेजात ते एकटेच काळे विद्यार्थी होते. फुटबॉलच्या निवड-सरावात पहिल्याच दिवशी आपल्याच कॉलेजच्या गोऱ्या खेळाडूंनी त्यांना ठरवून मारले. नाक फुटले, खांदा निखळला. अंथरुणावर पडल्या पडल्या सगळे सोडून द्यावे असे त्यांना वाटू लागले. तेव्हा वडिलांची शिकवण कामी आली : मैदानावर तू एकटा नाहीस, तुझ्यामागून येऊ पाहणाऱ्या सगळ्या काळ्या मुलांचा तू प्रतिनिधी आहेस. पॉल परत गेले आणि संघात जागा मिळवली.

पण १९१६ मध्ये दक्षिणेतील वॉशिंग्टन अँड ली कॉलेजने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला आणि रटगर्सने पॉल यांनाच बाहेर बसवले. ज्याच्या ताकदीवर सामने जिंकायचे, त्यालाच पाहुण्यांच्या मर्जीसाठी बाजूला सारायचे! पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाने तशीच मागणी केली, तेव्हा प्रशिक्षक सँफर्ड यांनी ती धुडकावली. एका वर्षात नियम बदलला नव्हता, संस्थेतल्या एका माणसाची भूमिका बदलली होती.

पॉल यांची देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंमध्ये गणना झाली. अभ्यासातही ते मागे राहिले नाहीत. १९१९ च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. वडील मात्र १९१८ मध्येच वारले होते.

पुढे ते कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे. दोघांच्या वाटा तिथे काही वर्षांच्या अंतराने गेल्या.

सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे १९५० मध्ये रोबसन यांचा पासपोर्ट काढून घेतला गेला, तो १९५८ मध्ये परत मिळाला. १९७६ मध्ये ते वारले. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागायला १९९५ साल उजाडले.

शिष्यवृत्ती दार उघडते, आत माणूस म्हणून वागवले जाईलच याची हमी देत नाही. आपली मुले मोठ्या संस्थांत पोहोचली की आपण सत्कार करतो, फोटो टाकतो आणि थांबतो. खरी परीक्षा त्यानंतर, वसतिगृहाच्या खोलीत सुरू होते. पॉल यांच्या पाठीशी त्या दिवसांत घर होते. आपल्या मुलामुलींच्या पाठीशी पहिल्या सत्रात आपण असतो का? या आठवड्यात आपल्या वस्तीतून बाहेर शिकायला गेलेल्या एकाला तरी फोन करूया, आणि मार्क नव्हे, तिथे कसे चालले आहे ते विचारूया.

जय भीम!