तबकडीत न मावलेला चार्ली पूल

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि पश्चिम व्हर्जिनिया या राज्यांतील गिरणगावांत आणि कोळसा खाणींच्या वसाहतींत १९२०च्या दशकात फिडल, बँजो आणि गिटार घेऊन हिंडणारे अनेक ताफे होते. जत्रेत, शाळेच्या सभागृहात किंवा कुणाच्या घरच्या ओसरीवर त्यांची मैफल रंगे. आज या संगीताला ‘ओल्ड-टाइम’ म्हणजे जुन्या काळचे संगीत म्हणून ओळखले जाते. त्यातील सर्वाधिक गाजलेल्या ताफ्यांपैकी एक होता ‘नॉर्थ कॅरोलिना रॅम्बलर्स’ आणि त्याचा नायक होता चार्ली पूल.

चार्लीचा जन्म २२ मार्च १८९२ रोजी उत्तर कॅरोलिनातील रँडॉल्फ परगण्यात झाला. घरची माणसे कापडगिरणीत राबणारी. लहान वयातच तोही गिरणीत कामाला लागला. मात्र त्याचे मन साच्यावर नव्हे, बँजोवर होते. तरुणपणी बेसबॉलचा चेंडू हातमोज्याशिवाय झेलून दाखविण्याची पैज त्याने लावली आणि ती त्याच्या उजव्या हाताला चांगलीच भोवली. मोडलेला हात बरा झाला तो कायमचा बाक घेऊनच. या वाकड्या हाताने तार छेडायची तर अंगठा आणि दोन बोटे यांवरच भिस्त ठेवणे भाग होते. अपघातातून आलेली ही तीन बोटांची पद्धत पुढे त्याच्या वादनाची ओळख ठरली. शहरी मैफलींत अभिजात ढंगाने बँजो वाजविणाऱ्या फ्रेड व्हॅन एप्सच्या वादनाचाही त्याच्यावर प्रभाव होता. त्यामुळे चार्लीचे वादन गावरान असूनही रेखीव होते.

गिरणीत टिकून राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. काही महिने काम करावे, बँजो उचलून भटकावे आणि पैसे संपले की परतावे, असा त्याचा क्रम. दारूबंदीच्या त्या काळात चोरट्या दारूचा धंदाही त्याने केला. भटकंतीत त्याची गाठ फिडलवादक पोझी रोरर याच्याशी पडली. १९२० मध्ये पोझीची बहीण लू एमा हिच्याशी चार्लीने लग्न केले आणि स्प्रे या गिरणगावात बिऱ्हाड थाटले.

१९२५च्या उन्हाळ्यात चार्ली, पोझी आणि गिटारवादक नॉर्मन वुडलीफ असे तिघे न्यूयॉर्कला गेले. २७ जुलै रोजी कोलंबिया कंपनीने त्यांची चार गाणी ध्वनिमुद्रित केली. मोबदला ठरला एकूण ७५ डॉलर. ‘डोन्ट लेट युअर डील गो डाउन ब्लूज’ या गाण्याच्या तबकडीच्या १ लाख २ हजार प्रती खपल्या. त्या वेळी अमेरिकेच्या साऱ्या दक्षिण भागात सुमारे ६ लाखच ग्रामोफोन होते, असा अंदाज आहे. म्हणजे दर सहा यंत्रांमागे एका घरी ही तबकडी वाजत होती. एवढ्या खपाचा लाभ कंपनीला झाला. कलावंतांच्या वाट्याला ठरलेली रक्कम आणि नाव तेवढे आले.

या नावामुळे मैफलींना गर्दी होऊ लागली आणि इथेच श्रोत्यांचे दोन वर्ग पडले. एक तबकडी ऐकणारा, दुसरा चार्लीला प्रत्यक्ष पाहणारा. तबकडीवरचे रॅम्बलर्स शिस्तीचे होते. फिडलने चाल धरावी, गिटारने खर्जातील स्वरांची साखळी गुंफावी आणि बँजोने त्यांच्यामधली जागा नेमकी भरावी, असा त्यांचा बांधेसूद मेळ. १९२६ मध्ये गिटारवर आलेल्या रॉय हार्वेने तो अधिकच घट्ट केला. हा हार्वे पूर्वी रेल्वेचे इंजिन चालवीत असे. इतर अनेक ताफ्यांच्या तबकड्यांवर आरडाओरडा आणि फिडलचा धुमाकूळ असताना रॅम्बलर्सचा हा संयम जाणत्यांना विशेष भावला. सरळ, काहीसा नाकातून येणारा आणि दुःखाच्या ओळीवरही न गहिवरणारा चार्लीचा आवाज त्या मेळात चपखल बसला.

गावोगावच्या प्रेक्षकांनी पाहिलेला चार्ली मात्र निराळाच होता. दोन गाण्यांच्या मध्ये तो गमतीच्या गोष्टी सांगे, नाचे, खुर्च्यांवरून उड्या मारी, हातांवर उलटा चालून दाखवी. त्याला पाहिलेल्यांच्या आठवणींत वादनाइतक्याच या कसरतीही राहिल्या. गिरणीच्या पाळीने शिणलेल्या माणसांना त्यांच्यातलाच एक जण भोंग्याला न जुमानता जगताना दिसत होता. त्याच्याविषयीच्या जिव्हाळ्याचे मूळ बहुधा यातच असावे. तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तिच्यात गाणे उतरे, खुर्चीवरची उडी उतरत नसे.

हे अंतर मिटविण्याचा प्रयत्न चार्लीने केला. १९२८ मध्ये पोझी रोरर ताफ्यातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी लॉनी ऑस्टिन आला. पुढे दोन फिडल आणि पियानो यांची जोड देऊन मैफलीतील भरगच्च मेळ ध्वनिमुद्रित करावा, अशी चार्लीची इच्छा होती. पण कोलंबियाचे निर्माते फ्रँक वॉकर यांनी त्याला नकार दिला. ग्राहकांनी उचलून धरलेला तीन वाद्यांचा साचा मोडण्याची कंपनीची तयारी नव्हती. तेव्हा १९२९ मध्ये त्याने पॅरामाउंट आणि ब्रन्सविक या कंपन्यांसाठी निराळ्या नावांनी पाच जणांच्या ताफ्यासह ध्वनिमुद्रण केले. त्यात गाण्यांना संवादांची जोड दिलेले एक प्रहसनही होते. प्रेक्षकांच्या चार्लीची चाहूल तबकडीवर लागते ती तिथेच.

त्याच वर्षी महामंदी आली. ज्या गिरणी कामगारांच्या पैशांवर हा बाजार उभा होता, त्यांच्याच हातचे काम गेले. तबकड्यांचा खप कोसळला. कोलंबियासाठी साठहून अधिक गाणी गायिलेल्या चार्लीचे शेवटचे ध्वनिमुद्रण १९३० मध्ये झाले आणि त्याला पुन्हा गिरणीची वाट धरावी लागली. १९३१च्या प्रारंभी हॉलिवूडमधून एका चित्रपटाच्या संगीतासाठी बोलावणे आले. आता तो केवळ ऐकू येणार नव्हता, कदाचित पडद्यावर दिसणारही होता. या आनंदात त्याने पिणे सुरू केले, ते सुमारे तेरा आठवडे थांबलेच नाही. २१ मे १९३१ रोजी हृदय बंद पडून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय अवघे ३९ वर्षांचे होते. हॉलिवूडचा प्रवास घडलाच नाही.

पुढची वीस वर्षे त्याचे नाव जवळजवळ विस्मरणात गेले. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांतून निवडलेल्या लोकगीतांच्या संग्रहात, अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येवरील ‘व्हाइट हाऊस ब्लूज’ हे त्याचे गाणे आले आणि शहरांतील तरुण रसिकांची एक नवी पिढी त्याच्याकडे वळली. पोझीच्याच कुटुंबातील किनी रोरर यांनी चार्लीला पाहिलेल्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांनी लिहिलेले चरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. हातांवर चालणारा चार्ली आज ठाऊक आहे तो अशा आठवणींमुळेच. स्प्रे हे गाव १९६७ मध्ये शेजारच्या दोन गावांसह ईडन शहरात विलीन झाले. तिथे १९९०च्या दशकात त्याच्या नावाने संगीत महोत्सव सुरू झाला. गायक लाउडन वेनराइट तिसरे यांनी त्याच्या जीवनावर व गाण्यांवर केलेल्या २००९च्या संग्रहाला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

चार्लीला प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. त्याचा आवाज तबकड्यांनी जपला. त्याचा उत्साह मात्र समोर बसलेल्या गिरणगावच्या प्रेक्षकांनीच पुढच्यांच्या हाती दिला.