दुधाचा मुकुट

इलेक्ट्रिकलवाल्यांना कलेतलं काय कळतं, असं कुणी म्हणालं की मी हॅरॉल्ड एजर्टनचं नाव घेतो. हा पक्का इलेक्ट्रिकलवाला. जन्म १९०३चा, अमेरिकेतल्या नेब्रास्कातला. एमआयटीत तो सिंक्रोनस मोटरवर काम करत होता. फिरणाऱ्या रोटरचं नेमकं काय होतं, ते डोळ्यांना दिसेना. मग त्याने मोटरच्या वेगाशी जुळणारा लुकलुकता प्रकाश टाकला आणि रोटर जणू जागच्या जागी थांबला! १९३१ साली तो डॉक्टर झाला.

आपण असतो तर सबमिशन करून सुटलो असतो. हा पठ्ठ्या तोच प्रकाश घेऊन दुधाच्या थेंबामागे लागला. युक्ती अशी: खोलीत अंधार, कॅमेऱ्याचं शटर उघडं. थेंब आपटला की कपॅसिटरमधली वीज वायू भरलेल्या नळीतून एकदम सोडायची. लखलखाट जेमतेम काही मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात उसळलेल्या दुधाचा मुकुट फिल्मवर पकडला जातो.

असा एक फोटो १९३७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागला. तरी गडी थांबला नाही. प्रसिद्ध रंगीत फोटो आला तो थेट १९५७ साली! लोक कलावंत म्हणायचे. तो मात्र स्वतःला इंजिनिअरच समजायचा. १९९० साली त्याने प्राण सोडला तोही एमआयटीच्याच आवारात.

तेव्हा मित्रांनो, मशीन लॅबमध्ये स्ट्रोबोस्कोपने स्लिप मोजून झाली की सरांना विचारून तो एकदा गळक्या नळाकडे लांबूनच वळवून बघा. आपल्याकडे गळक्या नळांची टंचाई नाही.