व्लादिमीर मायकोव्हस्की : भित्तिपत्रकातून नोकरशाहीशी झुंज



मागील घटकात आपण उपहास, उपरोध आणि विडंबन या संज्ञांचा परिचय करून घेतला. या घटकात त्या संज्ञा एका कवीच्या आयुष्यात कशा प्रकट झाल्या, हे आपण पाहणार आहोत. हा कवी म्हणजे व्लादिमीर मायकोव्हस्की. रशियन क्रांतीचा कवी म्हणून त्याचे नाव आपण ऐकले असेल. मात्र तो चित्रकार होता, त्याने शेकडो भित्तिपत्रके रंगवली आणि ज्या राज्यव्यवस्थेवर त्याची निष्ठा होती तिच्याच दप्तरी कारभारावर त्याने कठोर प्रहार केले, ही बाजू तुलनेने कमी परिचित आहे. हे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवावा : शासनाच्याच कागदावर आणि शासनाच्याच पगारावर काम करणारा कलावंत त्या शासनाची थट्टा कोठवर करू शकतो?

४.१ बालपण आणि जडणघडण

मायकोव्हस्कीचा जन्म १९ जुलै १८९३ रोजी जॉर्जियातील बगदाती या गावी झाला. त्याचे वडील वनखात्यात अधिकारी होते. १९०६ मध्ये कार्यालयीन कागद एकत्र टाचताना त्यांच्या बोटाला सुई टोचली, जखम चिघळली आणि रक्तदोषाने त्यांचा मृत्यू झाला. व्लादिमीर तेव्हा बारा वर्षांचा होता. टाचण्या, सुया आणि संसर्ग यांची धास्ती त्याच्या मनात आयुष्यभर राहिली. पुढे दप्तरशाहीशी झुंजलेल्या कवीच्या वडिलांचा मृत्यू दप्तराच्या सुईने व्हावा, या योगायोगाला प्रतीक मानण्याचा मोह आपल्याला होईल. चरित्राचा अभ्यास करताना असा मोह आवरावा. घटना लक्षात ठेवावी, निष्कर्ष मात्र घाईने काढू नये.

वडिलांच्या पश्चात आई, दोन बहिणी आणि व्लादिमीर मॉस्कोला आले. दारिद्र्याचे ते दिवस होते. वयाच्या चौदाव्या वर्षीच तो बोल्शेविकांच्या गुप्त कार्यात ओढला गेला. त्याला तीनदा अटक झाली. तिसऱ्या वेळी बुतिर्का तुरुंगात त्याला एकांतकोठडीही भोगावी लागली. तेथे त्याने भरपूर वाचन केले आणि कविता लिहून पाहिल्या. जानेवारी १९१० मध्ये सुटका झाल्यावर त्याने कलेचा मार्ग धरला. १९११ मध्ये त्याने मॉस्कोच्या चित्र, शिल्प व वास्तुकला विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे दाविद बुर्ल्युक हा चित्रकार त्याला भेटला आणि त्याच्यामुळे व्लादिमीर भविष्यवादी कवींच्या गटात आला. म्हणजे कवी होण्याआधी त्याच्या हाती कुंचला होता, हे ध्यानात ठेवावे.

४.२ रोस्ताच्या खिडक्या

१९१७ च्या क्रांतीनंतर यादवी युद्ध पेटले. उद्योग राज्याच्या ताब्यात गेले, शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य गोळा केले जाऊ लागले आणि प्रत्येक व्यवसायासाठी एकेक मुख्य मंडळ उभे राहिले. कागदाचा तुटवडा होता, छापखाने बंद पडत होते आणि जनतेचा मोठा भाग निरक्षर होता. शहरांतील दुकाने ओस पडली होती. त्यांच्या दर्शनी काचांमागे विकायला मालच नव्हता.

या रिकाम्या काचांचा उपयोग करण्याची कल्पना चित्रकार मिखाईल चेरेम्नीख याच्याकडून आली. ‘रोस्ता’ म्हणजे रशियन तार-वृत्तसंस्था. तिच्याकडे येणाऱ्या बातम्या चित्रे आणि चार-चार ओळींची पद्ये यांच्या रूपात दुकानांच्या खिडक्यांत लावल्या जाऊ लागल्या. १९१९ च्या शरद ऋतूत हा उपक्रम सुरू झाला. मायकोव्हस्की लगेच त्यात दाखल झाला आणि १९२२ च्या आरंभापर्यंत तेथे राबला.

या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तारेने बातमी येई. तिच्यावर मायकोव्हस्की मजकूर रचत असे. एका पत्रकावर चित्रांच्या अनेक चौकटी क्रमाने मांडल्या जात आणि प्रत्येक चौकटीखाली मजकुराचा एक तुकडा येई. मूळ चित्र तयार झाले की पुठ्ठ्याचे साचे कोरले जात. त्या साच्यांतून रंग भरून हातानेच प्रती काढल्या जात आणि इतर शहरांकडे रवाना होत. छापखान्याची गरजच नव्हती. सकाळची बातमी त्याच दिवशी रस्त्यावर चित्ररूपाने दिसू शके. खोलीत कडाक्याची थंडी आणि लोखंडी शेगडीचा धूर असे. गाढ झोप लागून कामाची वेळ चुकू नये म्हणून आपण उशाला लाकडाचा ओंडका घेत असू, असे मायकोव्हस्कीने पुढे सांगितले आहे. सुमारे १६०० ‘खिडक्या’ या उपक्रमातून बाहेर पडल्या. त्यांतील बहुसंख्य मजकूर त्याचा होता आणि कित्येक शेकडा चित्रेही त्याचीच होती.

या भित्तिपत्रकांची चित्रभाषा साधी होती. भांडवलदार जाड, उंच टोपीचा. कामगार एकरंगी लाल, ठसठशीत. चालत जाणाऱ्या माणसालाही अर्थ कळला पाहिजे, ही अट होती. सुरुवातीच्या पत्रकांचा रोख शत्रुसैन्य, उपासमार, टायफस यांच्यावर होता. पण युद्ध ओसरू लागले तसा एक नवा प्रतिपक्ष पुढे आला. तो सीमेपलीकडे नव्हता, टेबलापलीकडे होता.

४.३ सभांचे विडंबन

सारी अर्थव्यवस्था एका केंद्रातून चालवायची म्हटली की प्रत्येक पोते, प्रत्येक खिळा आणि प्रत्येक कर्मचारी यांसाठी मंजुरी लागते. मंजुरीसाठी समिती आणि समितीसाठी सभा लागते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही आपल्याकडची म्हण एका माणसाची अडचण सांगते. तेथे सारा देशच अशा प्रतीक्षेत उभा होता.

५ मार्च १९२२ रोजी ‘इझ्वेस्तिया’ या शासकीय दैनिकात मायकोव्हस्कीची सभाबाजांवरची कविता प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा : निवेदक एका कार्यालयात वारंवार खेटे घालतो, पण ज्याला भेटायचे तो सदैव सभेत असतो. सभांचे विषय एकाहून एक क्षुल्लक. अखेर संतापलेला निवेदक सभागृहात घुसतो आणि पाहतो तो काय, खुर्च्यांवर माणसांची अर्धीच शरीरे बसलेली! तो घाबरून ओरडू लागतो. चिटणीस मात्र शांतपणे खुलासा करतो की, त्यांना एकाच वेळी दोन सभा असल्याने निम्मे येथे आणि निम्मे तेथे आहेत. शेवटी निवेदक सर्व सभा कायमच्या रद्द करण्यासाठी आणखी एकच सभा भरावी, असे स्वप्न पाहतो.

या कवितेची रचना भित्तिपत्रकासारखी आहे. चौकटीमागून चौकट येते आणि अखेरच्या चौकटीत अतिशयोक्ती डोळ्यांसमोर उभी राहते. रोस्ताच्या खोलीतील अडीच वर्षांची तालीम तिच्यामागे आहे.

दुसऱ्याच दिवशी धातुकामगारांच्या परिषदेतील साम्यवादी प्रतिनिधींसमोर बोलताना लेनिनने या कवितेचा उल्लेख केला. मायकोव्हस्कीच्या काव्याचा तो चाहता नव्हता आणि हे त्याने तेथेही लपवले नाही. पण राजकारण आणि प्रशासन यांच्या दृष्टीने कवीचे म्हणणे सर्वस्वी खरे आहे, अशी ग्वाही त्याने दिली. राज्याच्या सर्वोच्च नेत्याचे हे प्रशस्तिपत्र कवीला कवचासारखे लाभले. कवच दुसऱ्याने दिलेले असले की ते काढूनही घेता येते, हे मात्र पुढे दिसणार होते.

४.४ आद्याक्षरांची भाषा

भाषेच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. क्रांतीनंतरच्या रशियनमध्ये संक्षिप्त नामांचा पूर आला. ‘रोस्ता’ हे स्वतःच असे नाम आहे. १९२३ पासून मायकोव्हस्की आणि चित्रकार अलेक्सांद्र रोद्चेन्को यांनी मिळून सरकारी दुकानांच्या व कारखान्यांच्या जाहिराती केल्या. त्यांत ‘मोस्सेल्प्रोम’ होते, ‘गुम’ होते, ‘रेझिनोत्रेस्त’ होते. शब्दांचे आरंभीचे तुकडे जोडून नाम घडवण्याची ही प्रक्रिया आपल्याला अपरिचित नाही. ‘महाबीज’ हे नाव उच्चारून पाहा.

असे नाम सोयीचे असते. पण वापरता वापरता मूळ शब्द विसरले जातात आणि नुसता ध्वनी उरतो. मायकोव्हस्कीने ही दुखरी जागा नेमकी हेरली. ‘हमामखाना’ या नाटकात त्याने ‘ग्लावनाच्पूप्स’ हे पद निर्माण केले. समन्वयाच्या व्यवस्थापनाचा मुख्य प्रमुख, असा त्याचा विस्तार. ‘मुख्य’ आणि ‘प्रमुख’ दोन्ही आहेत. काम काय, ते कळत नाही. शिवाय ‘पूप्स’ म्हणजे रशियनमध्ये लहानग्या बाळाची बाहुली. पद उच्चारताच अधिकाऱ्याचे बाहुले होते. अधिकाऱ्याचे नाव पोबेदोनोसिकोव. त्यात विजयवीर हा अर्थही ऐकू येतो आणि छोटेसे नाकही. येथे विनोद प्रसंगाबरोबरच शब्दाच्या घडणीतूनही निर्माण होतो.

४.५ ‘हमामखाना’ आणि काढून घेतलेला फलक

पहिली पंचवार्षिक योजना १९२८ मध्ये सुरू झाली आणि नियोजनयंत्रणेचा व्याप प्रचंड वाढला. १९२९ मध्ये ‘ढेकूण’ हे मायकोव्हस्कीचे नाटक दिग्दर्शक मेयेरहोल्डने रंगभूमीवर आणले. त्यानंतर ‘हमामखाना’ आले. एक संशोधक कालयंत्र तयार करतो, पण पोबेदोनोसिकोवच्या कार्यालयाचा उंबरा त्याला ओलांडता येत नाही. भविष्यातून, २०३० सालातून, एक तेजस्वी स्त्री येते. तिच्याबरोबर जाण्यास कष्टकरी सज्ज होतात. यंत्र निघते तेव्हा अधिकारी आणि त्याचा गोतावळा बाहेर फेकला जातो. नाटकात हमामखाना कोठेच नाही. अंग घासून काढण्याची ती सूचना प्रेक्षकांसाठी आहे.

१६ मार्च १९३० रोजी मॉस्कोत प्रयोग झाला, तेव्हा मायकोव्हस्कीने पुन्हा भित्तिपत्रकांकडे धाव घेतली. प्रेक्षागृहात त्याने स्वतः रचलेले घोषफलक टांगले. त्यांतील एका फलकाचा रोख असा होता की, नोकरशहांचा थवा एका दमात धुऊन निघणार नाही आणि येर्मिलोवसारख्या समीक्षकांची लेखणी त्यांना साहाय्य करते. व्लादिमीर येर्मिलोव याने त्याच महिन्यात ‘प्रावदा’मधून नाटकावर प्रतिकूल लिहिले होते. तो सर्वहारा लेखकांच्या ‘राप्प’ या प्रभावी संघटनेचा नेता होता. आणि फेब्रुवारीत मायकोव्हस्की स्वतः त्याच संघटनेचा सभासद झाला होता. संघटनेकडून दडपण आले आणि त्याने तो फलक उतरवला.

तो काळ त्याला सर्व बाजूंनी कठीण गेला. १ फेब्रुवारीला त्याने आपल्या वीस वर्षांच्या कार्याचे प्रदर्शन मांडले. त्यात रोस्ताच्या खिडक्याही होत्या. तरुण आले, पण नामवंत लेखकांनी पाठ फिरवली. एका मासिकाने त्याचे छायाचित्र आणि अभिनंदन छापले होते. वरिष्ठांच्या आदेशावरून ते पान तयार प्रतींतून काढून टाकण्यात आले. खाजगी जीवनातील निराशाही होतीच. १४ एप्रिल १९३० रोजी, छत्तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. अशा कृतीला एकच कारण असते, असे आपण समजू नये. पण मागे ठेवलेल्या चिठ्ठीत तो फलक उतरवल्याची खंत त्याने नोंदवली आहे. शेवटपर्यंत भांडायला हवे होते, असे त्याला वाटत होते. निरवानिरवीच्या मजकुरात एका कापडी फलकाला जागा मिळावी, यावरून त्याचे मोल किती होते ते समजते.

४.६ समारोप

त्याच्या मृत्यूनंतर त्याचे साहित्य छापण्यात दिरंगाई होऊ लागली. १९३५ मध्ये त्याची निकटची सहचरी लील्या ब्रीक हिने या अनास्थेबद्दल थेट स्टालिनला पत्र लिहिले. स्टालिनने पत्रावरच शेरा मारला, मायकोव्हस्कीला युगाचा श्रेष्ठ कवी ठरवले आणि अडलेली सारी कामे मार्गी लागली. चौकांना नाव मिळाले, पाठ्यपुस्तकांत कविता आल्या. मात्र ‘हमामखाना’ सोविएत रंगभूमीवर दीर्घकाळ आले नाही. स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५३ मध्ये, मॉस्कोत त्याचे पुनरागमन झाले. दप्तराच्या एका शेऱ्याने कवी अमर झाला आणि त्याच दप्तराने त्याचे दप्तरविरोधी नाटक बाजूला ठेवले.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता परत येऊ. मायकोव्हस्कीचा केंद्रीय नियोजनावर विश्वास होता. नोकरशहा हा त्याच्या लेखी नव्या अंगावरचा जुना मळ होता, घासल्यास निघणारा. तो मळ त्या अंगाचीच निर्मिती आहे काय, हा प्रश्न त्याने उघडपणे विचारलेला दिसत नाही. ही त्याची मर्यादा मानावी की त्याच्या निष्ठेची किंमत, हे आपण ठरवायचे आहे. थट्टा करण्याची मुभा वरून मिळालेली असेल, तर ती वरूनच संपते. फलक टांगण्यापेक्षा तो टांगलेला ठेवणे कठीण असते, एवढे मात्र या चरित्रातून निश्चित हाती लागते.

स्वाध्याय

१. रोस्ताच्या भित्तिपत्रकांची निर्मितिप्रक्रिया आपल्या शब्दांत सांगा.
२. सभाबाजांवरील कवितेची रचना भित्तिपत्रकासारखी आहे, या विधानाची चर्चा करा.
३. ‘ग्लावनाच्पूप्स’ या पदनामातून विनोद कसा निर्माण होतो? मराठीतील संक्षिप्त नामांची पाच उदाहरणे देऊन त्यांची घडण स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या कार्यालयातील सूचनाफलकाची भाषा अभ्यासा आणि तिच्यावर दहा ओळींचे टिपण लिहा.